शेडच्या मागच्या पत्र्याला करंट जोडला आणि पहाटे काढला. चुकलो का?

रबाळेचा वाइंडर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसतं वाचतोय, लिहायची ही दुसरी-तिसरी वेळ. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझं रबाळे एमआयडीसीत मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. 18 वर्षं झाली. भाड्याची शेड, पुढं शटर, मागं पत्र्याचं कुंपण आणि कुंपणाला लागून नाला. मला धरून चार माणसं. पंपाच्या, लिफ्टच्या, कंप्रेसरच्या मोटरी जळून येतात, आम्ही जुनी वाइंडिंग उपसतो, नवी भरतो, वॉर्निश मारून परत पाठवतो. आमचा माल म्हणजे तांबं. एक नव्या वायरची रिळं, दुसरं जळकं, म्हणजे जुन्या मोटरीतून निघालेलं. भाव किलोला 800 च्या पुढं गेल्यापासून जळक्यालाही भंगारवाले दारात येऊन पैसे मोजतात. चोराच्या दृष्टीनं यासारखा माल नाही. नाव नाही, नंबर नाही, एकदा वितळलं की कुणाचं होतं ते ब्रह्मदेवाला सांगता यायचं नाही.

मार्च ते जून तीन चोऱ्या झाल्या. पहिल्या वेळी खिडकीच्या गजातून 20 किलो जळकं. दुसऱ्या वेळी मागचा पत्रा वाकवून दोन रिळं आणि माझं मेगर, म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, जे मी धंदा सुरू केला तेव्हा उसने पैसे काढून घेतलं होतं. तिसऱ्या वेळी तर गिऱ्हाइकाची साडेसात एचपीची अख्खी मोटर. ती उचलायलाच दोन माणसं लागतात. गिऱ्हाइकाला खिशातून भरून दिले. तीनही वेळा तक्रार दिली. कॅमेऱ्यात दोन पोरं दिसतात, तोंडाला पंचे, वर पाऊस. साहेबांनी फोनवर दोनदा पाहिलं आणि 'बघतो' म्हणाले.

माझा मेहुणा धंद्यात निम्म्या पैशाचा भागीदार आहे. तिसऱ्या चोरीनंतर तो म्हणाला, "दाजी, तुम्ही करंटचा माणूस आणि चोर तुमच्याकडं? पत्र्याला फेज द्या. एक चिकटला की अख्ख्या एमआयडीसीत बातमी जाईल." पहिल्यांदा दोघंही हसलो. दुसऱ्यांदा तो म्हणाला तेव्हा कुणी हसलं नाही.

शनिवारी पोरं घरी गेल्यावर मी ते केलं. कसं जोडलं ते लिहीत नाही, कुणी करून बघायला नको. एकच गोष्ट सांगतो, कारण माझं डोकं तिथंच अडकलंय.

पाच वर्षांपूर्वी आमच्या एका पोऱ्याला ग्राइंडरचा शॉक बसला होता. ओले हात, फाटकी वायर. फेकला गेला म्हणून वाचला. दुसऱ्याच दिवशी मी अख्ख्या शेडला 30 मिलिअँपची आरसीसीबी बसवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एमसीबी वायरींना वाचवते, माणसाला नाही. 6 अँपची एमसीबी लावली आणि ओला माणूस 230 व्होल्टला चिकटला, तर त्याच्या अंगातून जेमतेम पाव अँप जातो. एमसीबीला ते कळतसुद्धा नाही. हृदय थांबायला त्याच्या निम्मा पुरतो. आरसीसीबीचं काम वेगळं. गेलेला करंट परत आला की नाही एवढंच ती बघते. थोडा जरी माणसातून जमिनीत गेला तरी क्षणात सप्लाय तोडते.

म्हणजे चोराला करंट बसायचा असेल तर आधी ती आरसीसीबी बाजूला काढावी लागते. मी काढली. माझ्याच हातानं काढून टेबलावर ठेवली आणि वर फडकं टाकलं. फडकं का टाकलं, मला विचारू नका.

मग आत खाटेवर बसून राहिलो. दिवे बंद. बाहेर संततधार. अडीचच्या सुमाराला नाल्याच्या बाजूनं गोणी ओढल्याचा आवाज आला. मांजर असेल, कुणीही असेल. पण पहाटे चारला त्या बाजूनं भंगार वेचणाऱ्या बाया जातात, हे मला माहीत आहे. त्यातली एक रोज आमच्या रिळांचे खोके न्यायला येते, मी बाजूला काढून ठेवतो. तिची मला अचानक आठवण झाली, असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण तसं नाही. ती मला संध्याकाळपासून आठवत होती. तार जोडतानाही. मी स्वतःला सांगत होतो की ती पुढून येते, मागून येत नाही.

3 वाजून 10 मिनिटांनी मेन बंद केला. तार काढली, गुंडाळून खिळ्याला लावली. आरसीसीबी परत बसवली, मेन चालू करून टेस्टचं बटण दाबलं, टक् करून पडली. मग घरी येऊन झोपलो.

रविवारी रात्री चौथी चोरी झाली. मागचाच पत्रा. 62 किलो नवी वायर, 35 किलो जळकं. 85 हजारांच्या वर गेलं.

मेहुणा म्हणतो, "दाजी, तुमच्या दयेचं बिल आलंय." घरीही कुणी उघड बोलत नाही, पण पोराच्या क्लासची फी थकली आहे.

माझे प्रश्न दोन. मालासाठी माणूस मारायची तयारी ठेवणं मुळातच चूक, की ज्यानं चार वेळा लुटलं त्याच्या बाबतीत नाही? आणि दुसरा, जो मला जास्त छळतो. समजा त्या बाया नसत्याच, फक्त चोरच येणार अशी खात्री असती, तर मी तार काढली असती का? खरं सांगतो, उत्तर माझ्याकडं नाही.

कामोठेकर 77

काका, सरळ बोलतो, राग मानू नका. काढलीत ते चुकलं.

2019 ला गणपतीत आम्ही सगळे कुडाळला गेलो होतो. सातव्या दिवशी शेजाऱ्यांचा फोन, दार उघडं दिसतंय. आईचे चार तोळे गेले. लोक म्हणाले, जाऊ दे, जीव तर कुणाचा गेला नाही, वस्तू काय परत घेता येते. माझ्या आईनं एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये 11 वर्षं चपात्या लाटल्या, त्यातून ते चार तोळे झाले होते. तिच्या मनगटाची हाडं आजही दुखतात. ती 11 वर्षं कुठल्या सराफाकडं मिळतात ते मला सांगा. त्यानंतर ती घराला कुलूप लावून कुठं जात नाही. भावाच्या लग्नात हॉलवरून दोनदा घरी येऊन कडी बघून गेली.

तेव्हा 'नुसता माल' असं काही नसतं. चोर माल नेतो म्हणजे तुमचं आयुष्य कापून नेतो. तुमचे चार महिने नेले की नाही?

आणि आपल्या परंपरेतही हे आहे. आततायी सहा सांगितलेत: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन येणारा, धन लुटणारा, शेत बळकावणारा, बायको पळवणारा. धन लुटणारा विष घालणाऱ्याच्याच पंगतीला बसवलाय. पूर्वजांना काही कळत नव्हतं का?

तार नको तर गस्त घाला. आमच्या सेक्टरमध्ये 12 पोरं काठ्या घेऊन फिरायची, दोन महिन्यांत शांतता.

ठाणे कोर्टनाका

वाइंडरसाहेब, 27 वर्षं फौजदारी वकिली केली. आधी कायद्याचं सांगतो, कारण तो लोकांना वाटतो तसा मिळमिळीत नाही आणि कामोठेकरांना वाटतो तेवढा सैलही नाही.

जुन्या दंडसंहितेत कलम 96 ते 106, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 34 ते 44. मालमत्तेचा बचाव करताना समोरच्याचा जीव गेला तरी गुन्हा नाही, असे प्रसंग कलम 41 मध्ये दिलेत. जबरी चोरी. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधीची घरफोडी. राहत्या जागेला किंवा माल ठेवायच्या जागेला आग वा स्फोटक लावणं. आणि अशी चोरी, आगळीक (म्हणजे मालाची नासधूस) किंवा घुसखोरी, जिच्यात जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी. माल ठेवायची इमारत कायद्याच्या भाषेत 'घरा'तच येते, त्यामुळं रात्री तुमचं शटर फोडून कुणी आत आला तर ती घरफोडीच. बाकीच्या चोरीत कलम 42, म्हणजे मृत्यू सोडून बाकी इजा.

ही उदारता जुन्या दंडसंहितेचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या आयोगाची. 1837 च्या मसुद्यासोबतच्या टिपणात त्यांनी म्हटलंय की या देशातल्या लोकांवर बचावाच्या बाबतीत निर्बंध वाढवण्यापेक्षा त्यांच्यात मर्दानी वृत्ती जागवलेली बरी. साहेबाला आपण भित्रे वाटत होतो. असो.

पण या सगळ्याच्या डोक्यावर कलम 37 बसलंय. सरकारी यंत्रणेकडं जायला वेळ असेल तर हा हक्कच मिळत नाही, आणि मिळाला तरी बचावाला लागते त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. आता तुमची तार बघा. शनिवारी संध्याकाळी तुम्ही ती जोडली तेव्हा समोर चोर होता का? नव्हता. समोर माणूस असता तर तुम्ही ओरडला असता, तो पळाला असता, तुम्ही हात आवरला असता. हातात काठी असली तरी माणूस मध्येच थांबू शकतो. तार थांबत नाही, आणि 'लागते त्यापेक्षा जास्त' याचा हिशेब तिला येत नाही.

यावर सुप्रीम कोर्टाचा साठच्या दशकातला निकाल आहे, बिहारमधल्या खटल्यात. शेजारच्या घरच्या संडासाची भिंत पडली म्हणून तिथल्या बाया आरोपीच्या संडासात जायला लागल्या. त्यानं हटकलं, त्या ऐकेनात. मग त्यानं संडासाच्या वाटेवर विजेची उघडी तार लावली. एका बाईचा हात लागला, ती गेली. आरोपीचं म्हणणं, माझी जागा, ती विनापरवाना आली, मी मालमत्तेचा बचाव केला. कोर्टानं ते उडवून लावलं. कुणी आगाऊपणे तुमच्या जागेत शिरला म्हणून तो कायद्याच्या छपराबाहेर पडत नाही, त्याच्यासाठी लपवलेला मृत्यू मांडून ठेवता येत नाही. तार जिवंत आहे याची सूचनाही त्यानं दिली नव्हती. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम झाली.

आज तेच घडलं तर न्याय संहितेतलं निष्काळजीपणाचं कलम 106, पाच वर्षांपर्यंत. पण तुमच्या बाबतीत सरकारी वकील तिथं थांबलाच नसता. सदोष मनुष्यवधाचं 105 लावायला पंचनाम्यातली एक ओळ पुरे होती: 'टेबलावर फडक्याखाली काढून ठेवलेली आरसीसीबी मिळून आली.' या धंद्यातल्या माणसाला 'मला कल्पना नव्हती' म्हणायची सोय नाही.

कामोठेकर, गस्तीबद्दल. 16 एप्रिल 2020 ला पालघरच्या गडचिंचले गावात लोक गस्तच घालत होते, चोर आल्याच्या अफवेवर. दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तिघांना जमावानं मारलं. काठी हातात असली की माणूस थांबू शकतो असं मी वर लिहिलंय. 12 जणांच्या हातात असली की नाही थांबत, हेही लिहायला हवं होतं.

वाइंडरसाहेब, बर्गलरी पॉलिसी, म्हणजे घरफोडीचा विमा, आहे का? असली तर पत्रा वाकवल्याचे फोटो, पंचनाम्याची नक्कल आणि रिळांची खरेदीची बिलं आजच एकत्र करा. जबरदस्तीनं शिरल्याची खूण दिसली नाही तर कंपन्या हात वर करतात.

नौपाडा ते ह्यूस्टन

इकडचं थोडं. टेक्ससमध्ये रात्रीची चोरी थांबवायला जीवघेणं बळ वापरायची मुभा कायद्यात आहे, माल दुसऱ्या कुठल्या मार्गानं वाचणार किंवा परत मिळणार नाही असं रास्तपणे वाटत असेल तर. अमेरिकेतही असं फार कमी ठिकाणी आहे. पण इथंसुद्धा सापळ्याला परवानगी नाही. माल राखायला लावलेलं यंत्र जीव घेणारं नसावं, असं वेगळं कलमच आहे. आयोवा राज्यात एका जोडप्यानं रिकाम्या फार्महाउसच्या खोलीत दाराला बंदूक बांधून ठेवली होती. जुन्या बाटल्या-बरण्या चोरायला आलेल्याच्या पायात गोळी गेली. 1971 मध्ये कोर्टानं चोराला 30 हजार डॉलर भरपाई कायम केली. तेव्हा लोक खूप चिडले होते म्हणे, चोरालाच पैसे.

कायद्यापलीकडचं सांगतो. माझा मुलगा 17 वर्षांचा आहे, रात्री मित्रांना सोडून येतो. मी त्याला एकच गोष्ट पुनःपुन्हा बजावतो: रस्ता चुकलास तर कुणाच्या ड्राइव्हवेत गाडी वळवू नकोस, पुढं जा, पेट्रोल पंपावर वळव. नौपाड्यात माझ्या आईनं मला असं काही कधी सांगितलं नव्हतं.

तुर्भे स्टोअर

वाइंडर दादा, मी उत्तर द्यावं की नाही यावर दोन दिवस घालवले.

माझी आई 22 वर्षं एमआयडीसीत भंगार वेचायला जायची. तुर्भे, पावणे, कधीकधी रबाळेपर्यंत चालत. साडेतीनला उठायची, कारण पालिकेची गाडी यायच्या आत फिरायचं असतं. शाळेला सुट्टी असली की मी जायचे. आता मी वाशीला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. आईला जाऊन सहा वर्षं झाली, आजारानं, करंटनं नाही.

तुमच्या नाल्याची बाजू मला माहीत असल्यासारखी वाटली. तुमचीच नसेल, पण सगळ्या सारख्याच असतात. कुंपण आणि नाला यांच्यात एक वीत कठडा असतो. पावसात तो निसरडा होतो. आई त्यावरून जाताना पाठीवर गोणी, एका हातात आकडा, आणि दुसरा हात तोल सांभाळायला कायम पत्र्यावर. मी मागून चालायचे तर मलाही सांगायची, "पत्रा धर, पत्रा सोडू नको." वरची कड धारेची असते म्हणून तळव्याला चिंधी गुंडाळायची. ती चिंधी पहिल्या दहा मिनिटांतच भिजायची.

ती पुढून येते, मागून येत नाही, असं तुम्ही लिहिलंत. खोके न्यायला पुढून येत असेल दादा. खोके उजाडल्यावर मिळतात. त्याआधी ती मागंच असते.

आता दुसरं. ते लिहिलं नाही तर माझं पहिलं अर्धवट राहील. आई कुंपणाच्या आतलंही घ्यायची. सगळ्याच घ्यायच्या. हात पुरेल तेवढं. फटीतून आकडा घालून वायरचा तुकडा, पत्र्याची पट्टी, कधी पितळी नळाचं तोंड. तिला ती चोरी वाटत नव्हती, मला वाटायची. सातवीत असताना मी तिला तसं म्हटलं तर तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तेव्हा तुमच्या मनात चोर एक आणि खोके नेणारी बाई वेगळी, अशा दोन पेट्या असतील तर त्या तशा नसतात. माझी आई दोन्हीत बसली असती. त्या रात्री तुमच्या तारेला लागून ती गेली असती आणि गोणीत तुमच्या वायरचा हातभर तुकडा सापडला असता, तर 'चोरटी महिला विजेच्या धक्क्यानं ठार' एवढं छापून आलं असतं, आणि वाचणाऱ्यांनी पान उलटलं असतं.

कामोठेकर दादा, तुमच्या आईचं वाचून मला वाईट वाटलं, खोटं नाही. मनगटाची हाडं माझ्या आईचीही दुखायची.

मु. पो. राजापूर, हल्ली मानपाडा

वरचं वाचल्यावर लिहायला संकोच वाटतो, तरी थोडक्यात. आमच्याकडे रानडुकरं भात झोपवतात. शेतीच्या संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळतो, माझ्या चुलत्यांकडे होती. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, नेमकी तेव्हाच डुकरं यायची. एका वर्षी वाडीतल्या कुणीतरी बांधावर घरची लाइन सोडली. पहिल्या रात्री डुक्कर मेलं, मटण वाटलं, सगळ्यांनी वाखाणलं. चौथ्या रात्री त्याचाच थोरला भाऊ खेकडे पकडायला बॅटरी घेऊन गेला होता.

वहिनी आता त्याच घरात राहतात. दोघं एकमेकांसमोर कसे जेवायला बसतात, मला ठाऊक नाही.

शेताच्या कुंपणाला लावतात ते झटका मशीन वेगळं, सोलरवर चालतं. त्याचा करंट सलग नसतो, क्षणभराचा ठोका येतो, माणूस किंवा जनावर मागं उडी मारतं आणि सुटतं. तेही पाटी लावूनच. पण तुमच्या जागी, एमआयडीसीत, नाल्याकडेला, तेही नको.

कामोठेकर 77

तुर्भे स्टोअर ताई, तुमचं वाचून गप्प बसलो होतो. माझं म्हणणं पूर्ण मागं घेतो असं नाही. दारात उभा राहून, समोर माणूस बघून, तो आत येतोय आणि हातात कटावणी आहे, तेव्हा मी मारीन, आणि नंतर काय व्हायचं ते होऊ दे. आई घरात असते. पण मी झोपलेलो असताना माझ्या वतीनं दुसरं काहीतरी मारतंय, हे मी याआधी कधी वेगळं काढून बघितलं नव्हतं.

आततायीचं मी आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. पूर्ण संदर्भ काय, ते मीही वाचलेलं नाही.

रबाळेचा वाइंडर

सगळ्यांचे आभार. तुर्भे स्टोअर ताईंचं उत्तर मी वर्कशॉपमध्ये वाचलं, आणि जेवणाच्या सुट्टीत मागं जाऊन पत्रा बघितला. 18 वर्षांत तो मी बाहेरून कधी नीट बघितला नव्हता. वरची कड एका पट्ट्यात गुळगुळीत झालेली आहे. साधारण छातीच्या उंचीला, अगदी टोकापासून टोकापर्यंत. गंज नाही, चकाकते. रोज हात फिरल्याशिवाय पत्रा असा होत नाही. आमच्या मोटरीच्या शाफ्टला बेअरिंगच्या जागी अशी चकाकी येते.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ताईंनी वेगळ्याच बाजूनं दिलं. फक्त चोरच येणार अशी खात्री असती तर, असं मी विचारलं होतं. ती खात्री कुठून आणणार होतो, हे विचारायचं राहून गेलं होतं. पण पूर्ण सुटलो असंही नाही. काल रात्री जाग आली तेव्हा मी मनात त्या दोन पंचेवाल्या पोरांना चिकटवून बघितलं. वाईट वाटेना. मग त्यातल्या एकाच्या पायात स्लीपर होती ती आठवली, कॅमेऱ्यात एक पट्टा तुटलेला दिसतो, पत्र्यावरून उतरताना ती नाल्यात पडते आणि तो वाकून शोधत बसतो. दुसरा पुढं निघून जातो, हा शोधतोच. चांगला दीड मिनिट. तिथपर्यंत आलो की माझं चिकटवणं थांबतं. कामोठेकरसाहेब, तुमच्यासारखं समोर उभं राहून मी मारीन की नाही, सांगता येत नाही. माझ्याकडं कटावणी घेऊन अजून कुणी आलेलं नाही.

मेहुण्याला हे सगळं वाचायला दिलं. त्यानं राजापूरकरांचं वाचलं, मोबाइल परत दिला आणि म्हणाला, "मग 85 हजारांचं काय?" प्रश्न बरोबर आहे त्याचा. मी मी म्हणणारे शहाणेही त्यावर गप्प बसतील. मी काही एकनाथ महाराज नाही, माल गेल्याचा राग माझ्या डोक्यात आजही आहे.

जे केलं ते असं. नवी रिळं आता शेडमध्ये ठेवत नाही. रोज लागतील तेवढी घरून स्कूटरवर आणतो, संध्याकाळी परत. बायको वैतागलीय, दिवाणाखाली तांबं आणि वर पाहुणे. जळकं दर शुक्रवारी विकून टाकतो, भाव पडला असला तरी. मागच्या पत्र्याच्या आत वीट-सिमेंटची भिंत घ्यायला मालकाशी बोललो, तो निम्मा खर्च द्यायला तयार आहे, निम्मा पावसानंतर बघू. आत हालचाल झाली की भोंगा वाजेल असं सेन्सरचं बसवलं. ते आतापर्यंत दोनदा वाजलं, दोन्ही वेळा घूस.

खोकेवाल्या मावशींना विचारलं, पहाटे मागून जाता का. त्या आधी नाहीच म्हणाल्या. घाबरल्या असतील, शेठ का विचारतोय म्हणून. मी परत विचारलं नाही.

गुंडाळलेली तार अजून खिळ्याला आहे. तीच ती, दहा मीटर, चांगली वायर आहे, फेकवत नाही. परवा पोऱ्यानं विचारलं, शेठ ही कशाची. शॉक बसलेला तोच पोऱ्या. मी म्हटलं, अर्थिंगची.

कोर्टनाकासाहेब, पॉलिसी आहे, पण शेडच्या पत्त्यात गाळा नंबर चुकीचा पडलाय, 'आर'च्या जागी 'ए'. त्यावरून अडवतील का? कागद व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.